हजेरीतल्या दहा बाया

शकीलाभाबी खोटं बोलते, हे मी आधीच सांगून टाकते. मागाहून कुणी म्हणायला नको की अंगणवाडीच्या बाईनं शेजारणीचे गुण तेवढे सांगितले आणि बाकीचं पोटात घातलं. ती खोटं बोलते आणि फार सुरेख बोलते. पिंपळगाव राजात सव्वीस वर्षं लेडीज टेलरची बायको म्हणून काढायची तर दुसरा इलाजही नसतो. गिऱ्हाईक दारात उभं असतं, कापडाला अजून कात्री लागलेली नसते, आणि आतून हिचा आवाज येतो, "झालं ना ताई, निस्ते हुक लावाचे राह्यले." माझं स्वतःचं एक ब्लाऊज असं हुकांसाठी अकरा दिवस अडलं होतं. बाराव्या दिवशी मी सरळ आत घुसले, तर कापड माझ्याच पिशवीत, घडी न मोडता पडलेलं. भाबी जराही लाजली नाही. "हुक तर आणले होते ना," म्हणाली आणि हुकांची पुडी काढून दाखवली.

मी जयमाला वानखडे. त्यांच्या आणि आमच्या घराची मधली भिंत एकच आहे. त्यांच्याकडे काय शिजतं ते मला वासावरून कळतं आणि आमच्याकडे काय बिनसलं ते त्यांना आवाजावरून. घरात ते लोक उर्दू बोलतात. त्यांचं बोलणं मी इथं आपल्या वऱ्हाडीत सांगणार आहे. ज्याला चालत नसेल त्यानं स्वतः येऊन भिंतीला कान लावावा.

शकीला मोताळ्याची. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन इथं आली तेव्हा मेहबूबभाईंनी घराच्या पुढच्या खोलीत नुकतंच दुकान टाकलं होतं. मेहबूबभाई म्हणजे इतका सरळ माणूस की लेडीज टेलर असून बाईमाणसाकडे मान वर करून बघायचे नाहीत. मग माप कसं घ्यायचं? तर खोलीत मधोमध पडदा. पडद्याच्या आत शकीला टेप घेऊन, बाहेर हे वही घेऊन. ती आतून आकडे ओरडायची, हे बाहेर लिहायचे. आता बाहेर आणखी चार जणी बसलेल्या असणार, त्यांच्या कानावर आकडे जाणार. म्हणून अंगानं भरलेली बाई आली की शकीला कमरेचे तीन इंच कमी करून ओरडायची आणि गिऱ्हाईक गेल्यावर खरा आकडा हळूच नवऱ्याच्या कानात सांगायची. गावातल्या निम्म्या बायका त्या तीन इंचांपायी दुसऱ्या टेलरकडे गेल्या नाहीत, असं माझं मत आहे.

बाई नवा ड्रेस घालून दुकानाबाहेर निघाली, पाठमोरी झाली, की तेवढ्यापुरते मेहबूबभाई मान वर करायचे. खांदा बसला का, पाठीवर चुणी पडली का, एवढंच बघायचे. बाई वळली की मान पुन्हा मशीनवर. अशी सव्वीस वर्षं गेली. त्यात रुबिना झाली, मोठी झाली आणि शिकायला बुलढाण्याला होस्टेलवर गेली.

आणि मग मेहबूबभाईंचे डोळे चमत्कारिक वागायला लागले. स्टँडकडून येणाऱ्या एस.टी.ची पाटी ते घराच्या ओट्यावरून वाचायचे, पण हातातल्या सुईचं नाक त्यांना दिसायचं नाही. चष्मा झाला. चष्म्यानंही काळ्या कापडावर काळा दोरा दिसेना. तशात खामगावात रेडीमेडची दुकानं वाढली, शिवायला येणाऱ्या बाया कमी झाल्या, आणि ज्या आल्या त्यांतल्या एका सुनेच्या ब्लाऊजला दोन्ही बाह्या डाव्या लागल्या. ही नवी फॅशन आहे, असं भाबीनं तिला सांगून पाहिलं. पण ती सून नागपूरची होती, तिला फॅशन कळत होती. फार बोलून गेली.

त्या दिवशी मेहबूबभाईंनी मशीनवर चादर टाकली. संध्याकाळी भिंतीपलीकडून त्यांचा आवाज आला, "आता मी काय करू?" मी आमचा टीव्ही बंद केला. दुःखानं नाही, नीट ऐकू यावं म्हणून. पण खरंच सांगते, अठ्ठेचाळीस वर्षांच्या माणसानं असं विचारलेलं मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

मग शकीला म्हणाली, "रुबिनाले गाडी कोनं शिकवली?"

"म्या. त्याचं काय?"

"किती दिवसात?"

"नऊ."

"चिल्लावले होते का तिच्यावर?"

"कायले चिल्लावू? लेकरू शिकून राह्यलं होतं."

"बस मंग," भाबी म्हणाली. "तुमाले दूरचं दिसते, जवळचं दिसत नाही. गाडी शिकवाले दूरचंच दिसा लागते."

मला हे पटलं. आमच्या गावात बापांनी, भावांनी, नवऱ्यांनी बायांना गाडी शिकवताना मी पाहिलंय. शिकवणं कमी आणि खेकसणंच जास्त. बाई घाबरून ब्रेकच्या जागी रेस पिळते, आणि मग घरी चार दिवस त्याचीच चर्चा. मेहबूबभाई मात्र रुबिनाच्या मागं बाजारतळावर नऊ दिवस पळाले आणि एकदाही आवाज चढवला नाही. तिची जुनी स्कूटी घरीच पडून होती. 'रुबिना लेडीज टेलर्स' या पाटीवरचं 'टेलर्स' पेंटरनं झाकलं आणि त्यावर 'स्कूटी क्लास' लिहिलं. खालची 'फिटिंगची पूर्ण हमी' ही ओळ पुसायची राहिली, ती आजही आहे.

दिवाळी झाली होती, सोयाबीन घरात आलं होतं, कापूस वेचायला गेलेल्या बायाही दुपारून मोकळ्या होत होत्या. क्लासला गर्दी व्हायला हरकत नव्हती. पहिल्या आठवड्यात तीन बाया आल्या. दोघींच्या काखेत ब्लाऊजपीस होते. तिसरीनं बराच वेळ स्कूटीभोवती फिरून विचारलं, "भाऊ, या सीटचं कव्हर शिवून भेटते काय?"

हे सगळं सुरतेला पोचलं. शकीलाचा धाकटा भाऊ वकार तिथं साड्यांच्या गोदामात मुकादम आहे. वकार वाईट नाही, पण त्याला दुसऱ्यांचे प्रश्न सोडवायची फार हौस. त्याचा फोन आला की गोदामात घड्या घालायला माणूस हवा आहे, एक तारखेला जागा भरणार, राहायला खोली आहे, खोलीत आणखी सहा जण आहेत, सगळे भले लोक. "दुल्हेभाई, ह्या वयात बायाच्या गाडीमागं पळून राह्यले तुमी. लोक हासत असतीन."

लोक हसत होतेच. मेहबूबभाईंना ते लागलं. त्यांनी वकारला शब्द दिला: महिनाअखेरपर्यंत दहा बायांनी नावं लिहून शिकायला सुरुवात केली तर राहीन, नाही तर तू घ्यायला ये. वकार म्हणाला, कबूल. तारीख होती चौदा नोव्हेंबर, आणि वहीत नाव एकही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अंगणवाडी सुटल्यावर मी घरी आले तर शकीला माझ्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेली. मला वाटलं साखर मागायला आली. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "ताई, ते सुरतेले गेले तर मी नाही जगत."

"मंग सांग ना त्यायले, नका जाऊ म्हणून."

"कसं सांगू? घरासाठी जाऊन राह्यले ते. मी म्हटलं नका जाऊ, तर म्हणतीन, मंग खाऊ काय? त्याचं उत्तर हाये का माह्याजवळ?" तिनं ओढणीनं नाक पुसलं. "सव्वीस सालात ते समोर नसतानी मी एक बार बी जेवली नाही. माहेरी गेली तरी ते संध्याकाळच्या गाडीनं येत. आता सा जणाच्या खोलीत त्यायले कोन विचारन, दाळ तिखट झाली काय म्हणून?"

तिला तिखट डाळ चालते, त्यांना चालत नाही. एवढीच त्या घरातली सव्वीस वर्षांची कटकट. मी चहा ठेवला. चहा प्यायल्यावर मात्र तिच्या चेहऱ्यावर तो हुकांची पुडी दाखवतानाचा भाव आला, आणि मी ओळखलं की आता आपल्याला कामाला लावणार.

"ताई, पयलं नाव तुमचं."

मी एक्कावन्न वर्षांची. आयुष्यात सायकलवरसुद्धा बसले नव्हते. पण नाही म्हणायला मला जागा नव्हती. ती रडलेली होती आणि चहा माझाच प्यालेली होती. दुसरी बाई मिळाली रुख्मिणीकाकू. बाजारात भाजीला बसते, अठ्ठावन्न वय, आवाज असा की बाजारतळावर बोलली तर स्टँडवर माणूस वळून बघतो. ती लगेच तयार झाली. मात्र आम्ही दोघींनी मिळून गाव पालथं घातलं तरी तिसरी बाई मिळेना. कुणाची सासू, कुणाचा नवरा, कुणाला लाज. शकीलानं स्वतःचं नाव लिहायचा प्रश्नच नव्हता. लोक म्हणाले असते, कुणी येईना म्हणून बायकोलाच बसवली, आणि वकारनं ते मोजलंही नसतं.

"बाया नाही भेटत तर नावं भेटतीन," शकीला म्हणाली.

आता आमच्याकडे बाई घराबाहेर पडताना तोंडाला स्कार्फ गुंडाळते, त्यावर गॉगल, त्यावर लांब बाह्यांचा सनकोट. उन्हाळ्यात उन्हाचं निमित्त, हिवाळ्यात धुळीचं. सख्खा भाऊ समोरून गेला तरी ओळखत नाही. शकीलाकडे तर बुरखे होतेच, नकाबासकट, चार वेगवेगळे. तिनं हिशेब मांडला. मी तीन बाया व्हायचं, रुख्मिणीकाकूनं तीन, आणि ती स्वतः चार. वेळा वेगळ्या, गावं वेगळी. फी गाडी हातात आल्यावरच द्यायची होती, तोवर महिना सरणार होता.

मी सकाळी जयमाला असायची, दुपारी मोताळ्याची सरोज आणि एक दिवसाआड संग्रामपूरची विमल. संग्रामपूरहून एवढ्या लांब कुणी स्कूटी शिकायला येईल का, असं मी विचारलं होतं. शकीला म्हणाली, "मोठा क्लास असला की लोक दुरून येतेत." रुख्मिणीकाकूनं मात्र परकी नावं घ्यायला नकार दिला. तिनं आपल्या दोन जावांची नावं दिली. "साऱ्या जिंदगीत कुठं म्होरं गेल्या नाही त्या. वहीत तरी जाऊ द्या," म्हणाली. आणि तिन्ही नावांनी येऊन ती त्याच आवाजात, त्याच शिव्या त्या स्कूटीला घालायची.

माझी अडचण वेगळीच झाली. पहिल्या धड्यात गाडी बंद ठेवून स्टँडवरून उतरवायची, चढवायची, ब्रेक दाबून हातानं ढकलत न्यायची. जयमाला तो धडा शिकली. मग सरोजला तोच शिकावा लागला, मग विमलला. स्टँड काढणं मला इतकं येऊ लागलं की विमल म्हणून पहिल्या दिवशी मी एका पायानं ते उडवलं. मेहबूबभाई जमिनीकडे बघत म्हणाले, "विमलताई, तुमचा तर हात बसला पयल्याच दिवशी. संग्रामपूरकडच्या बाया हुशार हायत." मी मूर्खासारखी खूश झाले. घरी जाऊन नवऱ्यालाही सांगितलं.

सगळ्यांत अवघड शकीलाचं होतं. तिचा आवाज त्यांनी ओळखला असता. म्हणून तिच्या चारही बायांचा घसा बसलेला होता. बोलायचं नाही, मान हलवायची. नूरजहाँचा घसा सोमवारी बसला, परवीनचा मंगळवारी, आणि आठवडा संपेपर्यंत चौघींचाही. मेहबूबभाईंनी किराणा दुकानातून ज्येष्ठमध आणला आणि प्रत्येकीला एकेक काडी दिली, हातात न देता स्कूटीच्या सीटवर ठेवून. त्या चार काड्या शकीलानं माझ्या तांदळाच्या डब्यात लपवल्या. संध्याकाळी जेवताना त्यांनी बायकोला विचारलं, "तुह्या घशाले बरं हाय ना? गावात साथ चालू हाय." भिंतीपलीकडे मी तोंडात पदर कोंबून बसले होते.

एकदा ती पडली. परवीन असताना पडली, बाजारतळाच्या कडेच्या ओट्याला धडकून. मेहबूबभाई धावत आले, आधी गाडी बंद केली, मग तोंड दुसरीकडे करून उभे राहिले आणि विचारलं, "लागलं काय?" तिनं मान हलवली, नाही. लागलं होतं, गुडघा चांगला सोलला होता. त्यांनी कुठून तरी खुर्ची आणून ठेवली आणि ती उठेपर्यंत तसेच पाठमोरे थांबले. त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून ऐकू आलं, "दूध पी आज. हळद टाकून." ती म्हणाली, "काऊन?" ते म्हणाले, "थंडी पडून राह्यली." मला तेव्हाही काही कळलं नाही. स्वतःला मी फार चतुर समजते.

आणि एक गोष्ट कुणीच धरली नव्हती. शकीला शिकत होती. चार नावांनी चारपट सराव झाला होता. मी ब्रेकवर अडकले, काकू शिव्यांवर अडकली, ही मात्र बाजारतळाला फेऱ्या मारायला लागली. वळण घेताना बुरख्याची कड नीट पायाखाली दाबून घ्यायची. रुबिनाला फोन करून तिनं स्वतःच्या खऱ्या नावानं शिकाऊ लायसनही काढून घेतलं. मी विचारलं कशाला, तर म्हणाली, "लागन कधी."

एकोणतीस तारखेला वहीत दहा नावं झाली. तीस तारखेला सकाळच्या गाडीनं वकार उतरला. हातात रिकामी बॅग होती, दुल्हेभाईंचे कपडे न्यायला म्हणून आणलेली. त्यानं वही पाहिली, बोटानं नावं मोजली, पुन्हा मोजली.

"वा दुल्हेभाई! मानलं तुमाले. मंग बोलवा ना सगळ्यायले एक बार बाजारतळावर. डोळ्यानं पाहतो आन् अकराच्या गाडीनं वापस जातो."

अंगणवाडीला सुट्टी होती, मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. माझे हात थांबले. शकीला आतून म्हणाली, "मले आज खालाजानकडे जाचं हाय," आणि बुरखा चढवून मागच्या दारानं बाहेर पडली. पाच मिनिटांनी मीही स्कार्फ शोधायला लागले.

दहा वाजता बाजारतळावर मी स्कार्फ-गॉगलमध्ये उभी, शेजारी रुख्मिणीकाकू तशीच गुंडाळलेली, आणि माझ्या दुसऱ्या बाजूला बुरख्यातली, घसा बसलेली एक बाई. समोर वकार. बाजूला स्कूटी आणि तिच्यापाशी वही घेऊन मेहबूबभाई. बाजाराचा दिवस नव्हता, तरी चहाच्या टपरीवरचे दहा-बारा जण उठून जवळ आले होते. त्यांना वास लागतोच.

"ह्या तीनच हायत," वकार म्हणाला.

"बाकीच्या लग्नाले गेल्या," मी म्हणाले.

"साती जणी एकाच लग्नाले?"

"मोठं लग्न हाय," रुख्मिणीकाकू म्हणाली.

वकार हसला. शकीलानं माझा हात धरला आणि इतका आवळला की माझ्या बांगड्या रुतल्या. आता तो बॅग भरणार, आता हे अकराच्या गाडीत बसणार, एवढंच माझ्या डोक्यात येत होतं, आणि खोटं बोलायला एक शब्द सुचत नव्हता. तिला तर बोलताही येत नव्हतं.

मेहबूबभाईंनी चष्मा लावला आणि वही डोळ्यांपासून लांब धरली. "हजेरी घेतो," म्हणाले.

"जयमाला वानखडे."

"हजर," मी म्हणाले.

"सरोज, मोताळा."

कुणीच बोललं नाही. ते वहीतून मान वर न करता थांबून राहिले, मास्तर थांबतात तसे. काय करावं ते मला कळेना. ते पुन्हा म्हणाले, "सरोज, मोताळा. रोज येते, आज बी आली असन." मी बारीक आवाजात म्हणाले, "हजर."

"विमल, संग्रामपूर."

"हजर."

टपरीवाल्यांत कुणीतरी फिसकन हसलं. मग रुख्मिणीकाकू तीनदा हजर झाली, आणि दर वेळी आधीपेक्षा मोठ्यानं. मग नूरजहाँ, परवीन, बिस्मिल्ला आणि जुबेदा. बुरख्यातल्या बाईनं चार वेळा मान हलवली. चौथ्या वेळी ती मान खालीच राहिली.

"दहा," मेहबूबभाईंनी वही मिटली. "सगळ्या हजर."

"दुल्हेभाई," वकारचा आवाज चढला, "मले येडा समजता काय? ह्या तीन बाया हायत!"

"मालूम हाय मले. पयल्या दिवसापासून मालूम हाय." ते माझ्याकडे वळले. नजर खालीच होती. "जयमालाताईचा डावा खांदा पाऊण इंच उतरता हाय. रजिस्टराची पिशवी त्याच खांद्यावर असते ना वीस सालापासून. सरोजचा बी तितकाच. विमलचा बी. काकूची पाठ रुंद हाय, तिच्या दोन्ही जावांची बी तशीच निघाली. आन् ह्या चौघी..." ते थांबले. "चौघीच्या बुरख्याची कड माह्या हातची हाय. आन् ती चाल म्या सव्वीस साल पाहून राह्यलो."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. या माणसानं जन्मात कधी परक्या बाईचा चेहरा पाहिला नव्हता, पाठी पाहिल्या होत्या. आणि आम्ही पंधरा दिवस काय झाकलं? चेहरे! पडद्याआड उभी राहून सव्वीस वर्षं त्याच पाठींची मापं ज्या बाईनं ओरडून सांगितली, तिलाही हे सुचलं नाही.

शकीलाचा घसा एकदम बरा झाला. "मालूम होतं तर बोलले काऊन नाही?" टपरीवाले एक पाऊल मागं सरले. "चार-चार बार पयला धडा गिरवला म्या! गुडघा फुटला! पाहून राह्यले होते अन् मजा घेऊन राह्यले होते?"

"बोललो असतो तर दहा झाल्या नसत्या."

"मंग?"

"मंग जा लागलं असतं." मेहबूबभाईंनी चष्मा काढला. "मले नोहतं जाचं. तुले सोडून मले कुठीच नाही जाचं. पण मरदानं हे कोनाले सांगाव? तू नावं आणून राह्यली होती, म्या लिहून राह्यलो होतो."

मी गॉगल काढून डोळे पुसले, तर माझ्याबरोबर सरोज आणि विमलही उघड्या पडल्या. वकार बॅग हातात धरून नुसता उभा होता. मला त्याची थोडी दयाही आली. तो भलं करायलाच आला होता आणि त्याचं भलं इथं कुणालाच नको होतं.

मेहबूबभाईंनी वही पुन्हा उघडली, गुडघ्यावर टेकवली आणि दहा नावांखाली काहीतरी लिहिलं. जवळचं दिसत नाही, म्हणून अक्षर ओळीच्या वर चढलं होतं. मग त्यांनी वाचलं, "शकीलाबी मेहबूब खाँ, पिंपळगाव राजा."

तिनं नकाब वर केला. चेहरा लाल झाला होता, रागानं की कशानं ते मला आजही सांगता येणार नाही.

"हजर," ती म्हणाली. मग भावाकडे वळली. "वकार, तुही गाडी अकराची हाय ना?"

"हाव आपा, पण..."

"बस मागं. स्टँडवर सोडून देते."

वकारनं दुल्हेभाईंकडे पाहिलं. ते स्कूटीची चावी पुढं करून उभे होते. त्यानं टपरीवाल्यांकडे पाहिलं. त्यांच्यात आता हसणारा कुणी नव्हता, सगळ्यांना पुढचं बघायचं होतं. शेवटी सुरतेचा मुकादम रिकामी बॅग छातीशी धरून मोठ्या बहिणीच्या मागं बसला. शिकाऊ लायसनवर कुणाला मागं बसवता येतं का, हे मला विचारू नका, मी अंगणवाडीची बाई आहे. शकीलानं बुरख्याची कड दाबली, आरशात पाहिलं आणि निघाली. स्टँडच्या रस्त्याला लागेपर्यंत वकारचा आवाज ऐकू येत होता, "आपा, हळू! आपा, बैल! आपा!"

मेहबूबभाई ओट्यावर बसले आणि सगळ्यांसमोर रडायला लागले. लपवलं नाही, तोंड फिरवलं नाही. "ताई," मला म्हणाले, "रोज नमाजात एकच मांगत होतो. हिचं खोटं कोनी पकडू नये."

रुख्मिणीकाकूनं त्यांना थोडा वेळ रडू दिलं. तेवढं तिला पुरेसं वाटलं असावं. मग स्कार्फ सोडत ती म्हणाली, "भाऊ, रडणं झालं की माहा दुसरा धडा घेजो. तिन्ही नावानं पयलाच चालू हाय."

"घेतो काकू," ते डोळे पुसत म्हणाले आणि स्टँडच्या रस्त्याकडे पाहत राहिले. "गाडी येऊ द्या. येतेच आता ती."